सत्तर किलोचा कायदा

‘वजन’ या रकान्यात मी ‘७०’ असं लिहिलं.

खोटं लिहायचा हेतू नव्हता. ते माझं लग्नातलं वजन. जन्मतारीख, रक्तगट आणि वजन या गोष्टी माणूस आयुष्यात एकदाच पाठ करतो आणि पुढे जिथं कुणी विचारील तिथं घडाघडा म्हणून दाखवतो. त्यातली तिसरी गोष्ट मधल्या काळात वाढलेली असते, हे पाठांतराला कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं आकडा वाचला, मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि विचारलं, “हे एका मांडीचं का?”

टेबलापलीकडे घोडेस्वारीच्या शाळेचे मालक बसले होते. त्यांनीही आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर आंब्याखाली बांधलेल्या घोड्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. घोड्याचं मत नोंदवायला कागदावर जागा नव्हती.

शाळेचं नाव सांगत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधे कुठंतरी ती आहे, एवढं पुरे. त्या रस्त्यानं मला पुन्हा जायचं आहे. एका बाजूला माहुलीचे सुळके आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, अशा ऐसपैस परातीत हा सगळा मुलूख पसरलेला आहे. पूर्वी इथं भात पिकायचं, आता फार्महाऊस पिकतात. ठाण्या-डोंबिवलीचा माणूस शनिवारी सकाळी निघतो आणि ‘पाच गुंठे, स्वतंत्र सातबारा’ अशा पाट्या वाचत वाचत इथवर येतो. सुरुवातीला हे लोक नुसती शांतता विकायचे. शांततेचा दीड तासात कंटाळा येतो हे ध्यानात आल्यावर रेन डान्स आला. आता तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी धरणं याच भागातली. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय, आणि एप्रिल उजाडला की इथलेच पाडे टँकरची वाट बघतात. मुंबईकर ऐंशी किलोमीटर गाडी हाकत येऊन आपल्याच नळाचं पाणी डोक्यावर घेऊन नाचतो, हा प्रकार बघून मला नेहमी वाटतं की त्यानं घरीच शॉवर सोडला असता तर डिझेल वाचलं असतं. ते असो. रेन डान्सनंतर झिपलाइन आली आणि झिपलाइननंतर घोडा.

कागदाचं नाव ‘हमीपत्र’ होतं. हमी कोण कोणाला देतो हे पहिल्या वाचनात कळलं नाही. दुसऱ्या वाचनात कळलं की सगळी हमी मीच देतोय. स्वार घोड्यावरून पडल्यास, घोडा स्वारावर पडल्यास, किंवा दोघे मिळून तिसऱ्या कशावर पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही, असा मजकुराचा सारांश. मला हृदयविकार नाही, मणक्याचा त्रास नाही, मी मद्यपान केलेलं नाही आणि मी स्वखुशीनं आलो आहे, हेही लिहून द्यायचं होतं. शेवटचं कलम असं, की स्वाराच्या चुकीमुळे घोड्यास इजा झाल्यास औषधोपचाराचा खर्च स्वारानं द्यावा.

माझे साडू कल्याण कोर्टात वकिली करतात. दीडशे किलो आंबा पेटीत भरावा तसं त्यांनी अख्खं कायद्याचं पुस्तक बासष्ट किलोच्या देहात भरलं आहे. त्यांनी हमीपत्र चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, “ड्राफ्टिंग चांगलं आहे. आता फक्त तुम्ही पडायचं बाकी आहे.”

या सगळ्या भानगडीच्या मुळाशी माझी मुलगी. ती शिकायला इंग्लंडात आहे आणि तिथं रविवारी घोड्यावर बसायला जाते. आपल्या घराण्यात यापूर्वी घोड्यावर फक्त नवरदेव बसले, तेही उतरताना दोघांच्या खांद्यावर हात टाकून. त्यामुळे तिचा फोटो आला तेव्हा मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि जोशात ‘मीही शिकतोय’ असंही लिहून बसलो. त्यावर तिचा फोन आला. “बाबा, तिथं हेल्मेट कुठलं देतात? माप घेतात का? इन्शुरन्स आहे का? गाइड एका वेळी किती जणांना नेतो?” मी म्हटलं, “बाळ, तिथं एक पोरगा आहे आणि एक दोरी आहे.”

तिनं मग मला रीतसर शिकवणी दिली. तिकडे घोडेस्वारीच्या शाळेला परवाना लागतो. त्याचा कायदा १९६४ सालचा, १९७० साली सुधारलेला, आणि इंग्लंडपुरते २०१८ पासून नवे नियम आले आहेत. जनावरांचा डॉक्टर येऊन तबेला तपासतो. शाळा चालवणाऱ्यानं विमा उतरवलेला असावा लागतो, म्हणजे स्वार पडलाच तर निदान पैशाच्या ढिगावर पडतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला हेल्मेटशिवाय घोड्यावरून रस्त्यावर नेता येत नाही, त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, आणि ते घालून एकदा दणकून आपटलात की ते बाद, दिसायला कितीही धड असलं तरी. “आणि बाबा, वजन विचारतात. खोटं सांगितलं असं वाटलं तर काट्यावर उभं करतात.”

हे शेवटचं ऐकून माझा इंग्लंडविषयीचा आदर कमी झाला.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. एप्रिल अखेरीचं मुरबाड म्हणजे काय, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पारा चाळिशीच्या पलीकडे, वारा बंद, आणि राब भाजून काळी पडलेली शेतं वरून उन्हात आणखी भाजत पडलेली. पैसे भरून झाले होते. मालकांनी पोराला हाक मारली. पोरानं घोड्याकडे पाहिलं, घोड्यानं पोराकडे पाहिलं, आणि दोघंही जागचे हलले नाहीत.

“दुपारचा तो चालत नाय,” पोरगा म्हणाला. “चार वाजल्यावर निंगंल.”

मालक ओशाळले. मी जरा रागावलो. साडू मात्र खाटेवर ताडकन उठून बसले. “बरोबर आहे त्याचं!” ते म्हणाले. “रूल आहे!”

प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून १९६० साली आपल्याकडे कायदा झाला आणि त्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझेवाहू जनावरांचे नियम आले. तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराला कामाला जुंपायचं नाही. दिवसाकाठी नऊ तासांच्या वर काम नाही. सलग पाच तासांच्या वर विश्रांतीशिवाय राबवायचं नाही. टोचणारे काटे असलेला लगाम वापरायचा नाही. साडू हे सगळं तोंडपाठ म्हणत होते आणि आंब्याखाली तो घोडा डोळे अर्धवट मिटून, एक मागचा पाय सैल सोडून, आपल्या हक्कांचं वाचन ऐकत उभा होता. नऊ तासांचं कलम आलं तेव्हा त्यानं कान हलवला. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. मार्च महिन्यात हे कलम आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही.

“आणि वजन?” बायकोनं विचारलं. बायकांना कुठला प्रश्न कधी विचारायचा ते कळतं.

साडूंनी घसा साफ केला. “पाठीवरच्या ओझ्याचीही मर्यादा दिली आहे. उंट, अडीचशे किलो. खेचर, दोनशे. गाढव, पन्नास. आणि तट्टू...” इथं त्यांनी कोर्टात थांबतात तसं थांबून माझ्याकडे पाहिलं, “तट्टू, सत्तर.”

क्षणभर कुणी बोललं नाही.

“तरीच सत्तर लिहिलंत,” बायको म्हणाली. “कायदा माहीत होता तर!”

मी शहाऐंशी किलोचा आहे. हे छापून यावं अशी माझी इच्छा नव्हती, पण त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. माणूस हा ‘ओझं’ या सदरात मोडतो का, यावर साडूंनी अर्धा तास दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला. तो नियम सामानाचा, स्वाराचा नव्हे, असं त्यांचं अखेरचं मत पडलं. आमच्या घरात या प्रश्नाचा निकाल पूर्वीच लागलेला आहे. शिवाय हे जनावर तट्टू की घोडा, हाही मुद्दा होता. मालक म्हणाले घोडा, साडू म्हणाले तट्टू. बायको म्हणाली, “अहो, मग खेचर बघा ना एखादं. दोनशेपर्यंत चालतं.”

मला मात्र वेगळीच गोष्ट टोचत होती. मुलीच्या सांगण्यावरून मी इथं माझ्या सुरक्षिततेची चौकशी करायला आलो होतो. आणि जो कायदा म्हणून निघतो, तो घोड्याच्या बाजूनं उभा. घोड्याला माझ्यापासून वाचवायला संसदेनं कायदा केला आहे. मला घोड्यापासून वाचवायला कुणी काही केल्याचं साडूंना आठवेना. दुचाकीवर बसलो असतो तर मोटार वाहन कायद्यानं डोक्यावर हेल्मेट चढवलं असतं, त्या हेल्मेटला आयएस ४१५१ असं मानकही आहे. पण घोड्याला इंजिन नाही आणि चाकंही नाहीत. बैलगाडी शर्यतींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात इतकी वर्षं चाललं आणि मे २०२३ मध्ये एकदाची मान्यता मिळाली, तेव्हाही सगळा खल बैलाच्या छळाचा. छकड्यावर मागे लोंबकळणाऱ्या गडीमाणसाला तिथं विचारतं कोण?

बरं, हे काही आजचं नाही. या जिल्ह्याचा घोड्याशी संबंध फार जुना आणि थोडा लाजिरवाणा आहे. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राज्याविषयी लिहून गेलाय की इथल्या राजाचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार होता. लुटीतलं सोनंनाणं, कापड, मसाला, काय हवं ते तुम्ही घ्या. जहाजातले घोडे तेवढे आमचे. कारण घोडा इथं निपजत नसे, तो अरबस्तानातून आणि इराणातून जहाजानं यायचा, आणि पुष्कळ यायचा. म्हणजे घोड्याच्या वाहतुकीतला पहिला अपघाती धोका हा खुद्द ठाण्याचा राजा होता! तोच मार्को पोलो पार दक्षिणेकडच्या माबारविषयी सांगतो की तिथं घोड्यांची निगा कशी राखावी हे कुणाला ठाऊक नाही, त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात, आणि घोडे पटापट मरतात. घोडे आणणारे व्यापारी नालबंद बरोबर येऊ देत नसत, कारण घोडे मेले की पुढच्या वर्षी नवे खपतात. आपल्या मोबाइल कंपन्यांना हे आधी सुचलं असं आपण उगाच समजतो.

आणि सुरक्षेचं मराठीतलं सगळ्यात चांगलं परिपत्रक कुठलं म्हणाल, तर ते शिवाजी महाराजांचं. चिपळूणजवळ घोडदळाचा तळ पडला होता, तिथल्या अंमलदारांना त्यांनी १६७० च्या दशकात लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असं होईल; मग तुम्ही रयतेच्या घरात घुसाल. कुणी चुली पेटवील, कुणी तंबाखू ओढील, ठिणगी उडेल. रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एका राजानं उंदरापर्यंतचा विचार करावा! आज एखाद्या मोठ्या कंपनीचा सेफ्टी ऑफिसरही उंदरापर्यंत पोचत नाही. पण त्या पत्रातही बघा, जपायचं कुणाला? घोड्याला आणि रयतेला. धोका कोणापासून? वर बसणाऱ्यापासून.

चार वाजले. घोडा आपण होऊन आंब्याखालून बाहेर आला.

त्याचं नाव सुलतान. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची जी घोड्यांची यात्रा भरते, तिथून आणला असं मालक म्हणाले. आमच्या मुरबाडला पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा असते, पण तिथं मान बैलाचा. सुलतानचा रंग कुमाईत, कपाळावर चांदणी, चेहऱ्यावर मामलेदार कचेरीतल्या जुन्या अव्वल कारकुनाचा भाव: तुमच्यासारखे पुष्कळ पाहिले.

हेल्मेटं तीन होती. एक मोटारसायकलचं, काच तुटलेलं. त्यात डोकं घातलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि घोड्यावर कान उघडे हवेत असं मुलीनं बजावलं होतं. दुसरं क्रिकेटचं, लहान मुलाचं. तिसरं कुठल्यातरी बोगद्याच्या कामावरून इकडे आलेलं, पिवळंधमक, आतून खोबरेल तेलाचा वास मारणारं. ते मला बसलं. वरून दगड पडला तर त्याचा उपयोग होता. मी दगडावर पडलो तर काय, याचा विचार ते बनवणाऱ्यानं केलेला नव्हता. बायकोनं फोटो काढला आणि म्हणाली, “गॅसपाइपलाइनवाले दिसताय.”

प्रथमोपचाराची पेटी मागितली. निघाली. आत एक बाम, दोन चिकटपट्ट्या आणि मागच्या दिवाळीची फुलबाजी.

इथवर जे घडलं त्यावरून माझं मत बनलं होतं. मग पोरगा पुढे आला. वय एकोणीस-वीस, पायात स्लिपर, शर्टाला वरची दोन बटणं नाहीत. त्यानं हमीपत्र बघितलं नाही. माझे पाय बघितले. मी फ्लोटर्स घातले होते.

“हे नाय चालनार, काका. टाचेचा बूट पायजे. नायतर पाय रिकिबीतून आरपार जातो, नि पडलात का घोडा फरफटवत नेतो.” त्यानं कोपऱ्यातून जुने काळे बूट काढून दिले. “पाय पुरा घालायचा नाय. नुसता चवडा. टाच खाली दाबा. पडायचं झालं तर पाय सुटला पायजे.”

मुलीनं पाठवलेल्या यादीत हेच पहिलं होतं. शब्द इंग्रजी होते, एवढाच फरक.

मी कौतुकानं घोड्याच्या मागच्या बाजूनं जाऊ लागलो तसा तो ओरडला. “मागून नका! खांद्याकडून या, बोलत बोलत या.” घोड्याला जवळपास चारी बाजूंचं दिसतं, दिसत नाही ते फक्त नेमकं नाकासमोरचं आणि नेमकं शेपटीमागचं. नाकासमोरचं न दिसणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले होते, पण मागून गेलो म्हणून त्यांनी लाथ मारल्याचं आठवत नाही. मग त्यानं खोगीर चढवलं, तंग आवळला, आणि आवळून झाल्यावर नुसताच थांबून राहिला.

“आता काय?”

“पोट फुगवलंय त्यानं,” पोरगा म्हणाला. “तंग आवळताना सगळेच फुगवतात. दहा पावलं चालवायचा, श्वास सोडला का परत आवळायचा. नायतर वर बसल्यावर खोगीर फिरतं, नि मानूस पोटाखाली.”

मला त्या जनावराविषयी पहिल्यांदाच जवळीक वाटली. शिंपी माप घेतो तेव्हा मी नेमकं उलटं करतो. तोही फसवतो, मीही फसवतो. दोघांचंही पोट हाच वादाचा विषय. खरोखरच दहा पावलं चालवल्यावर तंग चार बोटं सैल झाला.

पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभं राहून मी वर चढलो. जमिनीवरून चढलो असतो तर घोड्याच्या पाठीला हिसका बसला असता, असं कारण मिळालं. माझ्या गुडघ्याचं नाव कुणी काढलं नाही.

जुन्या काळी घोडदळात दोन जाती असत. स्वतःच्या घोड्यावर बसणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर. मी तासाला चारशे रुपये भरून बसलेला, म्हणजे कुठल्याच जातीत न बसणारा; खोगीरभरतीतला. पण वर बसल्यावर जग बदलतं हे खरं. भाताच्या खाचरांचे बांध, काळे राब, लांबवर टेकलेला आजोबाचा डोंगर, सगळं एकदम पायाखाली गेलं. पोरगा दोरी धरून पुढे चालत होता. मी त्याला म्हटलं, “मांड पक्की बसली का रे?” तो मागे न बघता म्हणाला, “काका, तुमी धान्याच्या कट्ट्यासारखे बसू नका. कंबर सोडा. तो चालतो तसे तुमी चाला.”

ही मांड म्हणजे काय चीज आहे ते मला तेव्हा कळू लागलं. लगाम हा तोल सावरायला धरायचा नसतो. बसमधल्या दांड्यासारखा मी तो धरला होता, आणि माझ्या प्रत्येक हिंदकळण्याचा हिशेब सुलतानच्या तोंडात जमा होत होता. त्यानं दोनदा मान झाडून निषेध नोंदवला. मग मी लगाम सैल सोडला, खोगिराचा पुढचा उंचवटा धरला, आणि पंधरा मिनिटं असा काही चाललो की मुलीला व्हिडिओ कॉल करावा असं वाटलं. रेंज नव्हती. मार्गदर्शित फेरीत गाइडकडे चालू फोन हवा, असं यादीत सातव्या क्रमांकावर होतं. पोराकडे फोन होता. त्यावर गाणी होती.

गाणी. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

सुलतानचा वर्षाचा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. शनिवार-रविवार तो शाळेत शिकवतो. बाकीचे दिवस, म्हणजे तुळशीचं लग्न लागल्यापासून मिरगापर्यंत, तो वरातीला जातो. आणि शहापूर-मुरबाडकडचं लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद साधी होत नाही. लग्नापेक्षा हळदीचा खर्च जास्त. बँजो पार्टी येते, स्पीकरच्या भिंती येतात, आणि पलीकडच्या तीन गावांना झोप येत नाही.

बांधाच्या वळणावर बँजोचा पहिला तुकडा ऐकू आला. सुलतानचे दोन्ही कान ताठ पुढे झाले.

“काका,” पोरगा हळूच म्हणाला, “लगाम वडू नका. घट बसा. आता तो आयकनार नाय.”

इंग्लंडच्या यादीत एकवीस धोके होते. ट्रॅक्टर, प्लास्टिकची पिशवी, भुंकणारं कुत्रं, अचानक उडणारा पक्षी. कर्तव्यदक्षता हा धोका त्यात नव्हता. सुलतान बुजला नाही, उधळला नाही, दुडकी चालही त्यानं धरली नाही. तो शिस्तीत पायवाट सोडून मांडवाकडे वळला, कमानीसमोर नेमक्या अंतरावर उभा राहिला, आणि बँजोनं ठेका धरताच पुढचा उजवा पाय उचलून नाचू लागला. वर मी. डोक्यावर बोगद्याचं पिवळं हेल्मेट.

मांडवात क्षणभर शांतता पसरली आणि मग एकच गिल्ला झाला. “मामा आले! मामा आले!” नवरदेवाचे कुणी मामा नाशकाहून यायचे होते आणि त्यांचा पत्ता नव्हता, हे मला नंतर कळलं. दोन बायका ताट घेऊन धावल्या. एका आजीनं कुणीतरी उचलून धरल्यावर माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. हात उरला तो घोड्याच्या कपाळावर पुसला. मी ‘मी तो नव्हे’ असं ओरडत होतो, पण बँजोपुढे ब्रह्मदेवाचं चाललं नसतं.

या सगळ्या वेळात पोरगा कुठं होता, ते मी वरून बघत होतो. तो घोड्याच्या डाव्या खांद्याला चिकटून उभा होता. एक हात मोहरकीवर, दुसरा मानेवर, आणि तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत होता. माझ्याशी नाही, सुलतानशी. पलीकडे पोरांनी फटाक्यांची माळ उलगडायला घेतली तसा तो पहिल्यांदा आवाज चढवून ओरडला, “ए! माळ लावू नका! घोडा बुजंल!”

काका पडतील, असं तो म्हणाला नाही. पण माळ गुंडाळली ती गुंडाळलीच. घोडा बुजेल म्हटल्यावर चार दांडगे गडी स्वतःहून पुढे आले आणि त्यांनी कडं केलं. एकानं बादली आणली. आधी घोडा पाणी प्याला. मग कुणीतरी मलाही सरबत वर दिलं. खाली उतरायचं कसं हा प्रश्न होता, पण बँजोवाल्यांचा श्वास संपला, ठेका थांबला, आणि त्याबरोबर सुलतानही थांबला. त्यानं एकदा मांडवाकडे पाहिलं, बिदागीची वाट बघतात तसं, आणि मग गपगुमान आल्या वाटेनं मागे वळला.

परतीच्या वाटेवर मी पोराला विचारलं, “तुला भीती नाही वाटली?”

“वाटली ना. त्याचा मागचा नाल सैल हाय.”

शाळेत पोचलो तेव्हा सूर्य माहुलीच्या मागे गेला होता. बायको आणि साडू फाटकात उभे. माझं पिवळं तोंड आणि पिवळं हेल्मेट बघून बायकोनं काही विचारलं नाही; तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याबाबतीत काही प्रश्न वर्ज्य केले आहेत. साडूंनी मात्र ताबडतोब कायदेशीर मुद्दा काढला की अनोळखी माणसाच्या हळदीत स्वखुशीनं गेलो नसल्यामुळे हमीपत्रातलं चौथं कलम रद्द ठरतं.

मालकांनी नोंदवही उघडली. सुटण्याची वेळ, परतण्याची वेळ, घोड्याचं नाव, घोड्याची प्रकृती. स्वाराची प्रकृती हा रकाना नव्हता. पोरानं खोगीर काढलं आणि घामेजलेल्या पाठीवर तळवा दाबत दाबत मागेपर्यंत नेला. एका ठिकाणी सुलताननं कातडी थरथरवली.

“उद्या याला सुट्टी द्या,” तो मालकांना म्हणाला.

“का रे? उद्या रविवार आहे. सहा बुकिंग आहेत.”

पोरानं टेबलावरचं माझं हमीपत्र उचललं, वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते मालकांच्या नाकासमोर धरलं. बोलला काहीच नाही. मालकांनी आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि या वेळी घोड्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग रविवारच्या पानावर सुलतानच्या नावापुढे त्यांनी आडवी रेघ मारली.

आंब्याखाली सुलताननं मान खाली घातली आणि दिवसभर धरून ठेवलेला असावा असा एक लांब श्वास सोडला. बायकोचं लक्ष नाही असं बघून मीही शर्टाच्या आत सोडला.